पंप चालू होता, तरी पाणी चढत होतं: गोल मॉडेलवरून एजंट बांधताना

भरतीरेषा
शनिवार, रात्री 10:20

नमस्कार मंडळी.

तंत्रज्ञान विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे. विषय जरा जड आहे, पण पाणी तुंबणं म्हणजे काय हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी परळला राहते, जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या एका गृहसंकुलात. इमारतींखाली दोन मजली पार्किंग आहे आणि सगळ्यात खाली चार संप, म्हणजे पाणी गोळा होणारे खड्डे, प्रत्येकावर एक पंप. तीन वर्षांपूर्वी कमिटीने विचारलं, की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर रात्री वॉचमनला दर तासाला खाली उतरून पाणी बघावं लागू नये असं काही करता येईल का. मी आणि संकुलातले आणखी दोघं कामाला लागलो.

पहिल्या वर्षीची रचना साधी होती. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खटका, वर आला की पंप चालू आणि मोबाइलवर हिरवा दिवा. मग ऑगस्टमध्ये अमावास्येच्या मोठ्या भरतीला रात्रभर संततधार लागली. चारही पंप चालू, चारही दिवे हिरवे, आणि खालच्या पार्किंगमध्ये पाणी घोट्याच्या वर. बाहेरचं गटार तुडुंब होतं. पंप जे पाणी बाहेर टाकत होते तेच उताराच्या जाळीतून परत आत येत होतं. प्रत्येक पंपाने त्याला सांगितलेलं काम चोख केलं होतं. ते काम कशासाठी करायचं, हे मात्र आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी गोल मॉडेलकडे, म्हणजे उद्दिष्टांच्या मांडणीकडे, वळले. ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॉफ्टवेअर काय करेल याची यादी करण्याआधी कोणाला काय हवं आहे ते मांडायचं. एका उद्दिष्टाखाली 'हे कसं साधेल?' असं विचारत खाली उतरायचं आणि 'हे कशासाठी?' विचारत वर चढायचं. फांद्या दोन प्रकारच्या. 'आणि'च्या फांदीत सगळी उपउद्दिष्टं साधावी लागतात, 'किंवा'च्या फांदीत एक साधलं तरी पुरतं. टोरांटोच्या एरिक यू यांनी 1995 च्या प्रबंधात यात माणसंही आणली. कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे, ते त्यांच्या आय-स्टार पद्धतीत चित्रात दिसतं. त्यावर उभी राहिलेली ट्रोपॉस पद्धत 2004 च्या सुमारास नीट मांडली गेली. त्यात इटलीतल्या त्रेंतोचे पाओलो जॉर्जिनी, अ‍ॅना पेरिनी आणि टोरांटोचे जॉन मायलोपुलस अशी मंडळी होती. ट्रोपॉसमध्ये सुरुवातीला सॉफ्टवेअर चित्रात नसतंच. आधी फक्त माणसं आणि त्यांच्या गरजा. मग सॉफ्टवेअर एक नवा भिडू म्हणून चित्रात येतं, आणि त्याच्यावर कोण कशासाठी विसंबणार ते ठरतं. पुढे त्याचे एजंट, म्हणजे आपापल्या उद्दिष्टासाठी स्वतः निर्णय घेणारे सॉफ्टवेअरचे छोटे भाग, पाडले जातात.

आमचं उद्दिष्टांचं झाड असं झालं. मुळाशी 'खालच्या पार्किंगमध्ये पाणी साचू नये'. त्याखाली 'किंवा'च्या चार फांद्या: पाणी गटारात टाकणं, पाणी आमच्या पावसाच्या साठवण टाकीत वळवणं, उताराच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या लावून पाणी आत येऊच न देणं, आणि काहीच जमलं नाही तर गाड्या वर न्यायला लोकांना उठवणं. चार पंपांचे चार एजंट, टाकीचा एक, जनरेटरचा एक, आणि माणसांना निरोप देणारा एक.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे: परिस्थितीशी जुळवून घेण्याची जागा त्या 'किंवा'मध्ये असते. आपण सहसा डिझाइन करतानाच एक फांदी निवडतो आणि बाकीच्या कागदावर सोडून देतो. मग चालू असताना निवडलेली फांदी तुटली की सॉफ्टवेअरला दुसरी ठाऊकच नसते. त्या सगळ्या फांद्या आणि मुळाचं उद्दिष्ट एजंटाबरोबर चालत्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं, एवढ्यासाठी आम्ही पुढचे आठ महिने घालवले.

टाकीचं एक गणित सांगते. उतार आणि अंगण मिळून साधारण 1,200 चौरस मीटरचं पाणी खाली येतं. तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला, तर तासाभरात 60,000 लिटर. आमची टाकी नेमकी 60,000 लिटरची. म्हणजे टाकी आम्हाला एक तास देते, बस. तो तास भरतीच्या ऐन वेळी हाताशी हवा असेल, तर भरतीआधी टाकी रिकामी पाहिजे. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलेलं असतं, पाऊस मात्र कुणाला विचारून येत नाही. म्हणून टाकीच्या एजंटाला वेळापत्रक दिलं आहे. मोठी भरती जवळ आली की तो आपणहून टाकी खाली करायला लागतो, भले आकाश निरभ्र असो.

माझा प्रश्न: एजंटाने उद्दिष्ट सोडून कधी द्यावं? पाणी थांबवण्याचे प्रयत्न किती वेळ करायचे, आणि 'आता हे होत नाही, माणसं उठवा' असं कधी म्हणायचं? यावर कुणी काम केलं असेल तर जरूर लिहा.


लॅडरवाला
शनिवार, रात्री 11:05

अनुभव छान लिहिला आहे. पण स्पष्ट विचारतो, एवढ्या प्रपंचाची गरज होती का? मी तीस वर्षं कारखान्यांत पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे छोटे संगणक, बसवतो आहे. चार पंप, एक टाकी, एक जनरेटर यासाठी लॅडरच्या, म्हणजे पीएलसीच्या भाषेतल्या, वीस-पंचवीस ओळी पुरतात. बाहेरच्या गटारात एक फ्लोट टाका, तो वर असेल तर झडप टाकीकडे वळवा. एजंट, उद्दिष्ट, झाड हे सगळं आलं की बिघाड शोधायला तुमच्याशिवाय कोणी उरत नाही. तुम्ही उद्या घर बदललंत तर?


भरतीरेषा
शनिवार, रात्री 11:40

लॅडरवाला काका, तुमचा शेवटचा प्रश्न मलाही छळतो.

फ्लोट आणि पंप यांची थेट तार आम्ही तशीच ठेवली आहे. एजंट असलेला छोटा संगणक बंद पडला तरी पंप चालला पाहिजे, ही अट आम्ही पहिल्याच दिवशी घातली. एजंट त्या तारेच्या वर बसतात. खालचं काम तुमच्या पद्धतीनेच होतं.

वरच्या थरात ओळी का पुरल्या नाहीत ते सांगते. सुरुवातीला मी तुम्ही म्हणता तशाच अटी लिहिल्या होत्या. मग जनरेटर आला, त्यावर एका वेळी दोनच पंप. मग भरती आली. मग सकाळी आठ ते दहा गाड्या बाहेर पडतात तेव्हा उतारावर गोण्या लावता येत नाहीत, हे आलं. प्रत्येक नव्या गोष्टीला जुन्या सगळ्या अटी पुन्हा तपासाव्या लागत. तिसऱ्या महिन्यात एक अट मी का लिहिली होती ते मलाच आठवेना. झाडात ते 'का' लिहिलेलं राहतं. कमिटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने ते झाड वाचून आमची एक चूक दाखवली. लॅडर त्यांना वाचता आलं नसतं.

वेगवेगळे एजंट का, तर दोन तळघरांच्या मधली तार पावसात दोनदा तुटली आहे. तुटली तरी प्रत्येक पंपाने स्वतःपुरतं शहाणपणाने वागावं, म्हणून.


दादर_धीमी
रविवार, सकाळी 8:15

ताई, मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्पासाठी हाच विषय घ्यायचा विचार करतो आहे. एक शंका आहे. झाडावरून एजंटाचा कोड कसा येतो? आमच्या पुस्तकात चित्र आहे आणि मग एकदम जावा आहे, मधलं काहीच नाही.


अवकाश
रविवार, सकाळी 9:50

दादर_धीमी, मधल्या त्या दरीवर बरंच काम झालं आहे. माझा अभ्यासाचा विषय हाच असल्याने जरा लांबण लावतो.

आधी एजंट कसा विचार करतो ते. मायकल ब्रॅटमन या तत्त्वज्ञांनी 1987 मध्ये माणसाच्या नियोजनाबद्दल मांडलेल्या विचारावर एक एजंट-रचना उभी आहे: समजुती, इच्छा आणि संकल्प. समजुती म्हणजे जगाबद्दल एजंटाला जे ठाऊक आहे ते, इच्छा म्हणजे जे साधायचं ते, आणि संकल्प म्हणजे ज्यासाठी त्याने कंबर कसली आहे ते. आनंद राव आणि मायकल जॉर्जेफ यांनी याला तर्कशास्त्राची बैठक दिली, आणि राव यांनी 1996 मध्ये एजंटस्पीक ही भाषा मांडली. आज जेसन नावाचं जे मुक्त सॉफ्टवेअर आहे ते तिच्यावरच चालतं.

आता झाडावरून कोड. सरधोपट नातं असं: उद्दिष्टाचं उद्दिष्टच राहतं, 'किंवा'ची प्रत्येक फांदी म्हणजे त्याच उद्दिष्टासाठीची एक वेगळी योजना, 'आणि'च्या फांद्या म्हणजे एका योजनेतली उपउद्दिष्टं, आणि पानं म्हणजे प्रत्यक्ष कृती. कुठली योजना कधी लागू, ते तिच्या पूर्व-अटीत लिहायचं. मिर्को मोरांदिनी, लोरिस पेन्सेरिनी आणि अ‍ॅना पेरिनी यांनी 2008 पासून ट्रोपॉसला या दिशेने वाढवलं. उद्दिष्टाचे प्रकार, भोवतालच्या परिस्थितीच्या अटी आणि काय बिघडू शकतं त्याची मांडणी, हे सगळं त्यांनी झाडालाच जोडलं आणि तिथून एजंट चालवण्यासाठी हॅम्बुर्गमध्ये बनलेल्या जेडेक्स या सॉफ्टवेअरवर एजंट उतरवले.

उद्दिष्टाचे प्रकार फार महत्त्वाचे आहेत, आणि भरतीरेषा यांची ऑगस्टची रात्र त्याचं नेमकं उदाहरण आहे. जेडेक्समध्ये 'हे करा', 'हे साधा' आणि 'हे टिकवा' अशी उद्दिष्टं वेगळी असतात. 'पंप चालवा' हे करण्याचं उद्दिष्ट, चालवला की संपलं. 'पाणी सहा इंचांखाली आणा' हे साधण्याचं. योजना संपली तरी पातळी खाली आलेली नसेल तर उद्दिष्ट जिवंत राहतं आणि एजंट दुसरी योजना शोधतो. 'पाणी सहा इंचांखाली ठेवा' हे टिकवण्याचं. ते कधीच संपत नाही, अट मोडली की जागं होतं. मेलबर्नच्या विनिकॉफ, पॅडघम आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हाच फरक मांडला: उद्दिष्ट म्हणजे कृतींची पाककृती की जगाची हवी असलेली अवस्था? तुमच्या हिरव्या दिव्यांमागे फक्त पाककृती होती.

जेसन वापरणार असलास तर एक सावधगिरी. तिथे एक योजना फसली की पुढची आपोआप उचलली जाईल असं धरू नकोस. उद्दिष्ट फसल्याची घटना निर्माण होते, आणि तिच्यासाठी तुला वेगळी योजना लिहावी लागते. आमच्या विद्यार्थ्यांचे बरेचसे तास यात जातात.

आता मूळ प्रश्न, सोडायचं कधी. राव आणि जॉर्जेफ यांनी 1991 मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. आंधळी बांधिलकी: साधलं असं वाटेपर्यंत सोडायचं नाही. एकनिष्ठ: साधलं किंवा आता शक्य नाही असं वाटलं की सोडायचं. खुली: मुळात ती इच्छाच उरली नाही, तरी सोडायचं. माझं मत विचाराल तर एका सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या उद्दिष्टांना एकच प्रकार लावणं चूक आहे. माणसांना निरोप देणं आंधळ्या बांधिलकीचं असावं, समोरून पोच येईपर्यंत सोडूच नये. पाणी थांबवणं एकनिष्ठ.


पंपवाला
रविवार, दुपारी 12:30

मला कोडमधलं काही कळत नाही, धाग्याचं नाव बघून आत आलो. लालबाग ते शिवडी पट्ट्यात पंपांची कामं करतो, पावसाळ्यात झोप नसते.

मॅडम, पंप चालू आहे म्हणजे पाणी जातंय असं कधी समजू नका. पॅनेलवरचा अँपिअर बघायचा. पाणी पुढे सरकत नसेल, म्हणजे बाहेरची लाइन दाबली गेली असेल किंवा संप कोरडा असेल, तर मोटर कमी अँपिअर घेते. फ्लोटवर पण भरवसा नको, प्लास्टिकची पिशवी अडकली की तो वरचा वर राहतो. मी दोन फ्लोट लावतो, वेगवेगळ्या उंचीवर.

जनरेटरवर दोन पंप चालतात म्हणता, पण दोन्ही एकदम सुरू करू नका. चालू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, जनरेटर बसेल. एक सुरू झाला, आवाज स्थिर झाला, मग दुसरा.

आणि बाहेरच्या लाइनला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, आहे का? तुमच्या जाळीतून पाणी परत आलं ते एक झालं, पण पंप बंद झाल्यावर पाइपातून पण येतं.


भरतीरेषा
रविवार, दुपारी 2:10

दादा, या तीन परिच्छेदांत आमचं वर्षाचं काम आहे. अँपिअरचं आम्हाला फार उशिरा कळलं. आता प्रत्येक पंप-एजंटाच्या समजुतींत 'पाणी प्रत्यक्ष पुढे जात आहे' ही वेगळी नोंद आहे आणि ती करंटवरून ठरते. 'मोटर चालू' ही दुसरी नोंद. दोन्हींची गल्लत झाली की पुन्हा हिरव्या दिव्यांची रात्र.

जनरेटरसाठी आम्ही रीड स्मिथ यांची 1980 ची करार-पद्धत वापरली. वीज गेली की जनरेटरचा एजंट पुकारा करतो, प्रत्येक पंप आपल्या संपाची पातळी आणि ती किती वेगाने वाढते आहे ते सांगतो, आणि ज्यांची निकड जास्त त्या दोघांना वीज मिळते. एकामागून एक सुरू करायची अट त्यातच टाकते, आजवर ती नव्हती. एनआरव्हीचं मला खरंच माहीत नाही. बघून सांगते.

अवकाश, बांधिलकी उद्दिष्टागणिक वेगळी ठेवायची हे पटलं. 'शक्य नाही' हे एजंटाने कसं ओळखावं यावर मी अडकले आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. तेवढा आमच्या अंगणात पडला तर 11 लाख लिटरच्या वर पाणी, म्हणजे टाकी 18 वेळा भरून वर उरेल. त्या दिवशी झुंजत बसणारा एजंट लोकांचा वेळ खाईल.


अवकाश
रविवार, दुपारी 3:00

इथे माहितीवर माहिती ठेवावी लागते. सूझा, लापूश्नियन, रॉबिन्सन आणि मायलोपुलस यांनी 2011 मध्ये जागृती-गरजा म्हणून एक कल्पना मांडली: दुसऱ्या गरजांच्या यशापयशाबद्दलची गरज. उदाहरणार्थ, 'टाकीकडे वळवण्याची योजना एका भरतीत दोनदा फसता कामा नये'. ती मोडली म्हणजे नेहमीचे उपाय थकले असं समजून वरचं उद्दिष्ट सैल करायचं किंवा सोडायचं. सैल करण्यासाठी रिलॅक्स नावाची भाषा 2009 ची आहे, व्हिटल आणि सहकाऱ्यांची. 'सहा इंचांखालीच' ऐवजी 'सहा इंचांच्या जितकं जवळ राहता येईल तितकं' असं तिच्यात नेमकेपणाने लिहिता येतं. मात्र कुठली उद्दिष्टं सैल करायची नाहीतच, तेही आधी ठरवून ठेवा.

आणि गृहीतकं वेगळी लिहा. अ‍ॅक्सेल व्हॅन लॅम्सवेर्ड यांच्या केएओएस पद्धतीत प्रत्येक उद्दिष्टाच्या वाटेतले अडथळे मुद्दाम शोधून काढतात. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचं संगणकीकरण 26 ऑक्टोबर 1992 ला सुरू झालं आणि कोलमडलं. त्याच्या कारणांत एक हे होतं की गाड्या कुठे आहेत याची जवळपास अचूक माहिती सतत मिळेल असं धरून रचना केली होती. ती तशी मिळत नव्हती.


नवा_गडी
रविवार, सायंकाळी 5:25

हल्ली एजंट म्हटलं की भाषेचं मॉडेल डोळ्यांसमोर येतं. सगळे सेन्सर त्याला जोडायचे आणि 'पार्किंग कोरडं ठेव' एवढं सांगायचं, असं का नाही केलं?


भरतीरेषा
रविवार, सायंकाळी 6:00

झाड काढताना मी ते वापरलं आहे. वॉचमन, प्लंबर आणि सेक्रेटरी यांच्याशी झालेल्या गप्पांच्या नोंदी देऊन उद्दिष्टांचा कच्चा मसुदा काढून घेतला. मदत झाली, पण निम्म्या फांद्या छाटाव्या लागल्या. रात्रीच्या निर्णयासाठी मी ते ठेवणार नाही. मोठ्या पावसात सगळ्यात आधी इंटरनेट जातं. आणि सकाळी कुणी विचारलं, की तीन वाजता टाकी का उघडली, तर मला कागदावर बोट ठेवून फांदी दाखवता आली पाहिजे.


निळी_छत्री
रविवार, रात्री 9:15

सगळे प्रतिसाद वाचले. मी अशाच एका संकुलाला लागून असलेल्या चाळीत वाढले, अजून आई तिथेच तळमजल्यावर राहते. तुमचे पंप पाणी कुठे टाकतात?

टॉवर झाल्यापासून आमच्याकडे पाणी आधीपेक्षा लवकर चढतं. भरती असली की गटार आधीच भरलेलं असतं, त्यात संकुलाचे पंप सुरू होतात. आई पलंगाखालचं सामान वर चढवायला सुरुवात करते ती पंपाचा आवाज ऐकून. तुमच्या झाडात पार्किंग आहे, गाड्या आहेत, जनरेटरसुद्धा आहे. गटाराच्या पलीकडची माणसं कुठे आहेत?


भरतीरेषा
रविवार, रात्री 11:30

निळी_छत्री, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्याच पोस्टमध्ये द्यायला हवं होतं.

पहिल्या झाडात ती माणसं नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात आमची यंत्रणा छान चालली, पार्किंग कोरडं राहिलं, कमिटीने कौतुक केलं. चार दिवसांनी शेजारच्या चाळीतल्या दोन बाया आणि एक आजोबा ऑफिसात आले. आमचे पंप ज्या बाजूच्या गटारात पाणी टाकतात ते त्यांच्या दारावरून जातं. भरतीच्या वेळी ते उलटं भरतं. आम्ही आमचं पाणी हटवलं ते त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन. मुळाचं उद्दिष्ट साधलं होतं, एजंटांत काही बिघाड नव्हता, आणि तरी जे झालं ते चुकीचं झालं. मला ते अजून लागून राहिलं आहे, कारण आय-स्टारमध्ये पहिलाच प्रश्न असतो की या चित्रात कोण कोण आहे. तो आम्ही संकुलाच्या भिंतीपाशी थांबवला.

नंतर काय केलं ते लिहिते. आम्ही तिघं चाळीत जाऊन बसलो आणि झाड पुन्हा काढलं. मुळाशी आता दोन उद्दिष्टं आहेत. नवं उद्दिष्ट टिकवण्याचं आहे: 'शेजारच्या गटाराची पातळी चाळीच्या उंबऱ्याखाली राहावी'. त्यासाठी चाळीच्या बाजूला एक पातळी-सेन्सर बसवला, त्यांच्या परवानगीने, आणि त्याचा आकडा त्यांच्याही दोघांच्या मोबाइलवर जातो. पातळी खुणेपर्यंत आली की पंप-एजंट गटाराची फांदी सोडतात, टाकीकडे वळतात, टाकी भरली की माणसांना उठवतात. तार तुटून आकडाच आला नाही, तर गटार भरलं आहे असं धरतात.

दोन्ही उद्दिष्टं एकदम टिकवता आली नाहीत तर आधी कोणतं? हे सॉफ्टवेअरने ठरवायचं नव्हतं. कमिटीत दोन सभा यावर गेल्या. एका सभासदाने विचारलं, की मी पार्किंगचे पैसे भरले आहेत, माझी गाडी का बुडावी? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की गाडी वर नेता येते, घर नेता येत नाही. घरं आधी. हे इतिवृत्तात सह्यांसकट आहे, आणि अवकाश यांनी म्हटलेल्या 'सैल करायचीच नाहीत' या यादीत हे एकमेव उद्दिष्ट आहे. त्यासाठी थेट तारेतही बदल करावा लागला, लॅडरवाला काकांना ते आवडणार नाही: खूण ओलांडली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, ती तार तोडतो.


लॅडरवाला
सोमवार, सकाळी 7:20

आवडलं. रिले जोडणं हा सुरक्षेचा इंटरलॉक आहे, आम्ही कायम करतो. मी कालपर्यंत याकडे चार पंपांचं काम म्हणून बघत होतो, चाळ माझ्याही वीस ओळींत नव्हती. एक सुचवतो. खूण ओलांडली आणि खाली आली की लगेच पंप सुरू करू नका, चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर रिले रात्रभर टकटक करेल.

मुंबईच्या गटारांबद्दल नव्या मंडळींसाठी एक भर. जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती, पावसाचं पाणी वाहून नेण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात तो हिशेब 50 वर नेला. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, रे रोडचं ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं त्यातलीच. भरतीला समुद्राकडची तोंडं बंद करायची आणि पाणी उचलून टाकायचं. हिंदमाताचं पाणी धरून ठेवायला दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, तोही तुमच्या टाकीचाच विचार, मोठ्या मापाने. तुमच्या 'किंवा'च्या फांद्या शहराच्या पातळीवरही याच आहेत.


निळी_छत्री
सोमवार, सकाळी 9:05

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आईकडच्या संकुलाच्या कमिटीला दाखवायला ते दुसरं झाड मिळेल का? मराठीतच हवं, ते लोक समोर बसून वाचतील.

आणि एक अडथळा तुमच्या झाडात लिहून ठेवा. पाणी फार चढलं की कुणीतरी मॅनहोलचं झाकण उघडतं, पाणी झटकन उतरावं म्हणून. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा जीव गेला, विसरता येत नाही. तुमच्या सेन्सरला वाटेल पातळी उतरली, काम झालं. खाली काय उघडं आहे ते त्याला दिसणार नाही.


भरतीरेषा
सोमवार, सकाळी 9:40

हे आमच्याकडे नव्हतं. पंप थांबलेले, पाऊस चालू, भरती चढती, आणि तरी गटाराची पातळी अचानक खाली: अशी नोंद आली तर एजंटाने ती यश म्हणून घ्यायची नाही, वॉचमनला काठी आणि टॉर्च घेऊन बघायला पाठवायचं. आजच घालते. झाड संध्याकाळपर्यंत मराठीत नीट टंकून देते.

दादर_धीमी, प्रकल्पासाठी हवं असेल तर ये, लॉग बघायला मिळतील.


दादर_धीमी
सोमवार, सकाळी 10:10

नक्की येतो ताई. या अमावास्येला रात्री थांबलो तर चालेल का? योजना बदलताना प्रत्यक्ष बघायची आहे.


पंपवाला
सोमवार, दुपारी 1:45

मॅडम, एनआरव्हीचं राहिलं. तुमच्या बाहेरच्या लाइनचा फोटो व्यक्तिगत निरोपात टाकलात तो बघितला. झडप आहे, पण झाकणीत कचरा अडकलाय असं दिसतंय, पूर्ण मिटत नसणार. मी रविवारी येतो. ओहोटीच्या वेळी यावं लागेल, गटार खाली असल्याशिवाय हात घालता येणार नाही.


भरतीरेषा
सोमवार, दुपारी 2:20

वेळापत्रक बघितलं. रविवारी ओहोटी दुपारी आहे, दोनच्या आधी याल तर दीड-दोन तास मिळतील. चाळीच्या बाजूचं दार बंद असतं, त्याची चावी आजोबांकडे आहे. मी शनिवारीच घेऊन ठेवते.